मेस्त्री मामा, तुमच्यासाठी चार ओळी

मेस्त्री मामा, नमस्कार ओ. तुमच्या त्या बटणाच्या फोनवर हे दिसणार नाही म्हाईत आहे मला, पण तुमचा मुलगा वाचून दाखवेल, आणि त्यानं नाही दाखवलं तरी आमच्या बेळगावातल्या निम्म्या शहापूरच्या बायका तुमच्याकडंच शिवणाची मशीन दुरुस्तीला आणतात, कोणीतरी सांगेलच की. दुकानात थँक्यू म्हटलं की तुम्ही पाना उचलता आणि पुढची मशीन उघडून बसता, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहायलेय.

मी तुमच्याकडं आले होते ते वाकळी, म्हणजे गोधड्या, शिवायला एक कॉम्प्युटरची मशीन घेऊ का विचारायला. टच स्क्रीन, शंभरावर डिझाईन, हप्त्यावर मिळणार, दुकानवाला रोज फोन करत होता. तुम्ही मशीनचं नावसुद्धा विचारलं नाही. म्हणालात, "अक्का, शिवलेली वाकळ आणा आधी, मग बघू." आणली, तर वरची बाजू, जिच्यावर मी एवढा जीव काढलेला, नऊ-नऊ तुकड्यांचे ब्लॉक, आईच्या इरकलीचे काठ, तिकडं तुम्ही बघितलंच नाही, सरळ उलटी केलीत आणि पाठीवरून अंगठा फिरवत गेलात. कडेला टाका एकसारखा, मधल्या भागात बारीक बारीक, मग एकदम लांब. "मशीन बरी आहे, वाकळ लोंबते" एवढंच बोललात आणि चहा मागवलात.

हे मला कुठल्या व्हिडिओत कळलं नव्हतं बघा. डबल बेडची वाकळ म्हणजे तीन थर, त्यातला बराच भाग टेबलाच्या डाव्या बाजूला आणि मागं लोंबत असतो, खालचे दाते कापड पुढं ढकलतात आणि ते वजन उलटं ओढतं, मग टाका आखडतो, आपण हातानं जोर लावून ओढलं की लांब पडतो, कधी सुई वाकते नाहीतर मोडते. लाखाची मशीन आणली असती तरी त्याच टेबलावर हेच झालं असतं. म्हणून आधी टेबल. आणि टेबल तरी कसलं, आमच्या खानापूरच्या जुन्या घराचं सागवानी दार माळ्यावर पडून होतं ते तुम्ही आल्या आल्या हेरलंत, सुताराला स्वतः माप दिलंत, मशीनचा तळ दाराच्या पृष्ठभागाला बरोबर समपातळीत बसला पाहिजे, नखाएवढी पायरी राहिली तरी कापड तिथं अडतं म्हणून त्याला परत रंधा मारायला लावलात. डावीकडं भरपूर जागा, मागची कड भिंतीला टेकवून, आता वाकळ खाली पडायला जागाच नाही.

मग मशीन. गारमेंटवाल्यांकडची सेकंडहँड एक सुईची, तिच्या हाताखाली उजवीकडं दहा इंचाच्या वर मोकळी जागा, घरगुती मशीनला सहा-सात इंच असते, आणि गुंडाळलेली निम्मी वाकळ त्याच भोकातून जायची असते, त्यामुळं हा फरक शिवणाऱ्यालाच कळतो. तिची जुनी क्लच मोटर मात्र सुटलेल्या बैलासारखी, पाय टेकवला की गेलीच, आणि शिवत नसलं तरी घुंईऽऽ चालूच. तुम्ही ती काढून सर्व्हो मोटर बसवलीत, पाय दाबला तरच फिरते आणि स्पीड बांधून ठेवता येतो. अशी मशीन मिनिटाला चार-पाच हजार टाके मारू शकते म्हणे, मला ते काय करायचंय, तुम्ही एकदम खालच्या स्पीडवर बांधलीत आणि वर कानडीत म्हणालात "अवसर बेड", घाई नको. झिगझॅग हिला येत नाही, एकच सरळ टाका, पण वाकळीला दुसरं लागतंय काय?

सुईचं पण बरं सांगितलंत. ही डीबी सुई, म्हणजे कारखान्याच्या मशीनची, हिचा दांडा गोल, घरगुती सुईला एक बाजू चपटी असते म्हणून ती उलटी बसतच नाही, ही कशीही बसते. म्हणून बघून हिची लांब खाच डावीकडं ठेवायची आणि दोरा डावीकडून ओवायचा. तुकडे जोडायला 14 नंबर, तिन्ही थर शिवायला 16. दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, बघायचा तो तसेच तीन थर घेऊन, एकेरी चिंधीवर बघून काही उपयोग नाही. वरचा थर पुढं सरकतो म्हणून दाबपट्टीचा वरचा स्क्रू जरा सैल केलात आणि तरी म्हणालात की आधी हातानं मोठे कच्चे टाके घालायचेच, त्यात आळस चालणार नाही. एवढा मशीनवाला माणूस हातटाक्याची बाजू घेतो हे मला फार आवडलं.

खोलीला स्टुडिओ म्हणायला मला अजून लाज वाटते, सासूबाई तर कारखानाच म्हणतात. भाताची पोती होती तिथं आता कटिंग मॅट, रोटरी कटर, इस्त्रीचं टेबल आणि सुईच्या डोक्यावर तुम्ही चिकटवलेली एलईडी पट्टी. अडीच इंचाचे नऊ चौकोन पाव इंच शिलाईनं जोडले की साडेसहा इंचाचा ब्लॉक यायला पाहिजे, आता येतो, कारण ती पाव इंचाची रेघ तुम्ही मशीनच्या पत्र्यावर टेप लावून आखून दिलीत. पावसाळ्यात आमच्याकडं भिंतीला बुरशी धरते, तर मशीनवर प्लॅस्टिक नको, आत ओल कोंडते, सुती कापड टाका, तेलाची पातळी बघा, हे पण तुमचंच.

आणि आईची काळी पायमशीन. ती भंगारात घेणारे दोघं तयार होते. तुम्ही पट्टा बदललात, शटल साफ केलंत आणि पाऊस लागून लाईट गेली की हिच्यावर कडेची गोट शिवा म्हणालात. बदलीत घेतली असती तर तुमचेच दोन पैसे सुटले असते, पण विषयसुद्धा काढला नाहीत.

काहीजणी मला म्हणतात मशीनवर शिवली ती कसली वाकळ. खानापूर-हल्याळ भागातल्या सिद्दी बायकांची कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, मी बघितलेय, कडेपासून सुरू करून आत आत शिवत मधे पोचतात, सगळं हातानं, कोपऱ्यांना दुमडलेल्या तुकड्यांची फुलं, ते काम मशीनला कधी जमणार नाही आणि जमवायला जाऊ पण नये. पण लहान पोराची वाकळ दर आठवड्याला धुवावी लागते, तिथं मशीनचा टाका बरा. दोन्ही राहू देत की.

राहता राहिलं पैशाचं. मोटरचं बिल घेतलंत, टेबलाच्या खटाटोपाचं नाही घेतलंत, विचारलं की "बघू पुढं". तर पुढं असं आहे मामा, तुमच्या नातीसाठी एक सिंगल वाकळ कापायला घेतलेय, निळी की आमसुली तेवढं काकूंना विचारून सांगा, आणि येताना 16 नंबरच्या सुयांचं एक पाकीट ठेवा माझ्यासाठी, त्याचे मात्र पैसे घ्यायचे, सांगून ठेवते.