पहिला हेडफोन ऐकून घेऊ द्या

संपादक महोदय,

परळला मी गाणं शिकवते. रियाजासाठी पहिला चांगला हेडफोन घेणारी मुलं दोन-तीन हजार रुपये साठवून सल्ला विचारायला येतात. या किमतीत बऱ्याच हेडफोनमध्ये बास, म्हणजे खालचा जड आवाज, फुगवलेला असतो. तो पहिल्या मिनिटाला सुखावतो, पण तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती भरीव गुंज, त्यात बुडते आणि सूर नेमका लागला की नाही, तेच कळेनासं होतं. म्हणून ब्लूटूथचा मोह सोडून वायरवाला, कान पूर्ण झाकणारा, मागून बंद असलेला घ्यावा. लोकलचा खडखडाट त्यात कमी शिरतो, आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्यांसाठीची मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढीच आहे! इंपीडन्स, म्हणजे हेडफोनचा विजेला होणारा विरोध, ३२ ओहमच्या आसपास असला की मोबाइलवर तो सहज वाजतो. कानाच्या गाद्या आणि वायर बदलून मिळते का, हे जरूर विचारावं. मुंबईच्या घामात गाद्यांचं रेक्झिन लवकर सोलतं.

लॅमिंग्टन रोडच्या दुकानदारांना कळकळीची विनंती आहे, काउंटरवर एक तरी नमुना ऐकायला ठेवा. मुलांनी नुसता खोका बघून साठवलेले पैसे का मोजावेत?

– एक संगीत शिक्षिका, परळ, मुंबई