रात्री मोबाइल कुठे असतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'मुलगा मोबाइल सोडतच नाही' ही तक्रार आमच्या पालकसभांत आता नेमाने येते. ती ऐकल्यावर मी उलट एकच प्रश्न विचारते : रात्री त्याचा मोबाइल कुठे असतो? 'उशाशी' हे उत्तर देताना बहुतेकदा पालकांच्या हातातही मोबाइल असतो.

ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाच्या 'असर' या शिक्षणविषयक पाहणीत २०२३ साली जवळपास ९० टक्के मुलामुलींच्या घरी स्मार्टफोन आढळला. साधन घरोघरी आहे, व्यसन मात्र सर्वांना लागत नाही. मग ते कोणाला लागते, याकडे पाहायला हवे. जी मुले आधीच एकटी पडलेली, चिंतेने वा नैराश्याने ग्रासलेली आहेत किंवा ज्यांना एका जागी लक्ष देणे जड जाते, त्यांना धोका अधिक असल्याचे अभ्यासांतून वारंवार दिसते. गाठ दोन्हीकडून आवळली जाते, कारण रात्री उशिरापर्यंत रील्स पाहण्याने झोप मोडते आणि अपुऱ्या झोपेने मरगळलेले मन दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच विरंगुळ्याकडे धावते. त्यातच गृहपाठही व्हॉट्सअॅप गटावर येत असल्याने मोबाइल काढून घेण्याची सोय पालकांना उरत नाही. (हा दोष आम्हा शिक्षकांचाही आहे.)

मात्र प्रत्येक मुलावर 'व्यसनी' असा शिक्का मारू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंगचा विकार आहे, पण स्मार्टफोनचे व्यसन हा स्वतंत्र आजार म्हणून नाही. झोप, अभ्यास आणि मित्र हे तिन्ही सुटू लागले, तर समुपदेशकाकडे जाण्यास संकोच करू नये.

सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा उपक्रम सुरू केला. मला त्यातले भोंग्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते हे, की बंदी मुलांपुरती नव्हती, मोठ्यांनीही मोबाइल बाजूला ठेवायचा होता. भोंगा नसलेल्या शहरी घरांत निदान रात्रीपुरते तरी हे जमावे. म्हणून पुढच्या पालकसभेत मी घरातले सगळे चार्जर स्वयंपाकघरात ठेवण्याची विनंती करणार आहे, आईवडिलांचेसुद्धा. आणि सातनंतर गटावर गृहपाठ न पाठवण्याची विनंती सहकाऱ्यांना करणार आहे.

आपली,
एक माध्यमिक शिक्षिका, सातारा