कीबोर्ड माझ्यापुढे सरकवल्याबद्दल

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

शिवाजी उद्यमनगरातील आमचे कार्यालय आणि गोकुळ शिरगावची फाउंड्री यांच्यामधली, दोन्हीकडच्या राउटरांची जुळणी होत नसल्याने अडलेली लाइन आपल्या मदतीनंतर सुरळीत चालू आहे, हे आपल्याला फोनवर कळवले होतेच. पण तेवढ्यावर भागवणे मनाला पटले नाही, म्हणून हे जाहीर पत्र.

आपल्या आधी येऊन गेलेल्यांची नावे लिहीत नाही. एकाने पिंग, म्हणजे संपर्क तपासणारी चाचणी, करून ‘पिंग जाते आहे, म्हणजे लाइन ठीक आहे’ असे सांगून बिल पाठवले, तर दुसऱ्याने दोन्ही राउटर बदलण्याचे कोटेशन दिले. क्लासमध्ये ओएसपीएफच्या, म्हणजे राउटरांनी आपसांत मार्गांची माहिती वाटून घेण्याच्या पद्धतीच्या, अवस्था डाउन, इनिट, टू-वे, एक्सस्टार्ट, एक्स्चेंज, लोडिंग, फुल अशा क्रमाने घोकून घेतल्या होत्या. मात्र एका अवस्थेतून दुसरीत जाताना दोन राउटर एकमेकांना नेमके काय सांगतात, या प्रश्नावर ‘ते परीक्षेला येत नाही’ एवढेच उत्तर मिळाले होते.

आपण आलात, खुर्ची बाजूला घेतली आणि कीबोर्ड माझ्यापुढे सरकवला. सर, मदतीला आलेल्या माणसाने यापूर्वी असे कधी केले नव्हते. प्रत्येकाने मला उठवूनच काम केले होते.

बिघाडाला हात लावण्यापूर्वी आपण मला व्यवस्थित चालणाऱ्या दुसऱ्या शेजारी राउटरचा डेड टाइम पाहायला लावला. मी तीच कमांड पुन्हा पुन्हा देत होते आणि आकडा ३८, ३५, ३२ असा उतरत जाऊन पुन्हा चाळिशीजवळ चढत होता. दर १० सेकंदांनी शेजाऱ्याकडून ‘मी आहे’ सांगणारा हॅलो संदेश येतो, आणि ४० सेकंदांत एकही आला नाही तर शेजारी गेला असे धरले जाते, हे त्या उतरत्या आकड्यांवरून मला कायमचे समजले. पोर्टचा दिवा हिरवा असताना हा खटाटोप कशाला, असे मी विचारले, तेव्हा आपण हसला नाहीत. मध्ये लाइन देणाऱ्याचा स्विच असतो. त्याच्यापर्यंतची तार शाबूत असली की पलीकडचे टोक बंद पडले तरी आपला दिवा हिरवाच राहतो, हे आपण शांतपणे सांगितले. हॅलोमध्ये प्रत्येक राउटर आपल्याला दिसलेल्या शेजाऱ्यांचे आयडी लिहितो, आणि त्या यादीत स्वतःचा आयडी सापडला की संपर्क दुतर्फा आहे अशी खात्री पटते, हेही तेव्हाच उलगडले.

आमचे हॅलो दोन्हीकडे पोचत होते. टायमर, एरिया आणि सबनेट मास्क ही सेटिंगही दोन्हीकडे जुळत होती. अडत होते ते एक्सस्टार्टपाशी, कारण त्या टप्प्यापासून जाणाऱ्या डेटाबेसच्या पाकिटांत एमटीयू, म्हणजे एका पाकिटाचा कमाल आकार, लिहिलेला असतो, आणि एका बाजूला १५०० तर दुसऱ्या बाजूला १४०० होता. मोठा आकडा सांगणारे पाकीट लहान मर्यादेचा राउटर नाकारत होता. पिंगची पाकिटे मुळातच लहान, त्यामुळे ती बिनबोभाट जात होती. एमटीयूची तपासणी वगळण्याची कमांड देऊन आपल्याला मोकळे होता आले असते. पण मग शेजार जुळल्यासारखा दिसेल आणि मोठी पाकिटे पुढेही अडतील, असे बजावून आपण दोन्ही टोके माझ्याच हातून १४०० वर आणवली. काही क्षणांत ‘फुल’ दिसले.

कोल्हापुरात पत्ता विचारला तर माणूस हातातले काम टाकून चौकापर्यंत सोडायला येतो, त्याच जातीची ही मदत. ज्ञान पुष्कळांकडे असते; समोरच्याला कमीपणा न आणता ते देण्याची दानत मात्र फार थोड्यांत आढळते, आणि ती अंगी असलेल्यांना तिचे काही विशेष वाटतही नाही.

शिरोलीचे गोदामही आता याच जाळ्यात जोडायचे आहे. तिथे ४० सेकंदांची वाट परवडणार नाही, त्यामुळे आपण ओझरता उल्लेख केलेला बीएफडीचा, म्हणजे शेजारी गेल्याचे फार लवकर ओळखण्याच्या पद्धतीचा, विषय समजून घ्यायला मी येणार आहे. सवडीचा दिवस कळवावा.

आपली कृतज्ञ,
उद्यमनगरातील विद्यार्थिनी