दादाचे लिव्हर वाढते आहे

सांगली,
१४ ऑगस्ट

प्रिय विलास,

सहा महिने तुला एक ओळही लिहिली नाही. फेब्रुवारीत ‘मुंबईला दाखवल्याशिवाय हार मानू नकोस’ असे तू म्हणालास आणि मी तुझ्यावर ओरडून फोन ठेवला, हे मनातून गेले नाही. आज दादाचा स्कॅन आला. ही बातमी आधी तुलाच सांगायला हवी.

आतड्याची कॅन्सरची गाठ काढल्यावर इथल्या डॉक्टरांनी ‘लिव्हरमध्ये पसरले आहे, चौथी स्टेज आहे, घरी न्या’ असे सांगितले आणि मी ते मुकाट्याने मानले. एप्रिलमध्ये वहिनीने हट्ट धरला म्हणून मुंबई गाठली. तिथल्या सर्जनांनी गाठी किती आहेत यापेक्षा, त्या काढल्यावर चांगले लिव्हर किती उरेल, हे आधी पाहिले. केमो झालेल्या माणसाला निदान ३० टक्के लागते. दादाचे २२ टक्केच उरणार होते.

म्हणून केमोने गाठी आकसल्यावर, लिव्हरचा जो उजवा भाग काढायचा आहे, त्यात जाणारी पोर्टल व्हेनची (आतड्याकडून लिव्हरला रक्त नेणाऱ्या शिरेची) फांदी कातडीतून सुई घालून बंद केली. ते रक्त डावीकडे वळले की तो भाग वाढू लागतो. पाच आठवड्यांत तो ३४ टक्क्यांवर आला! आपल्याला अपूर्णांक शिकवताना तुझ्या पाठीवर छडी मोडणारा दादा आता हा आकडा पुन्हा पुन्हा वहीत लिहितो. केमोच्या दिवसांत त्याला थंड पाण्याचा तांब्याही धरवत नसे, बोटांना करंट बसल्यासारखे होई. वहिनी प्रत्येक गोष्ट कोमट करून देई.

ऑपरेशननंतरही निम्म्याहून अधिक रुग्णांत आजार उलटतो आणि पाच वर्षांनी दहांतले चारेक जण हयात असतात, हे सर्जनांनी लपवले नाही. उलटला तरी काहींचे पुन्हा ऑपरेशन करता येते, असेही ते म्हणाले. पण विलास, मला रात्री छळतात ते मी घरी बसून घालवलेले दोन महिने. त्या काळात गाठी वाढल्या असतील का, हे विचारायला मी तीनदा सर्जनांच्या दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. तेव्हा तुझे ऐकले असते तर आज हा प्रश्नच उरला नसता.

मुक्ताच्या बारावीचे कळले, तिला शाबासकी सांग. तुझा गुडघा कसा आहे? माझी साखर ठीक आहे.

मंगळवारी सकाळी दादाला आत नेतील. काल त्याने स्वतःहून विचारले, ‘विल्या येणार आहे ना?’ मी हो म्हणून बसलो आहे. सोमवारी रात्रीपर्यंत पोहोच.

तुझा,
मधू