कमाटीबागेतल्या देवमाशासाठी मंडळाचे आवाहन

सस्नेह नमस्कार,

कमाटीबागेच्या म्युझियममधला देवमाशाचा सांगाडा पाहिला नाही असा मराठी माणूस बडोद्यात विरळाच. १९४०च्या दशकात मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा निळा देवमासा ७० फुटांहून लांब आहे. मुले मान वर करून पाहतात, ‘केवढा हा!’ म्हणतात आणि पुढच्या दालनाकडे पळतात. हा प्राणी जगतो कसा आणि आज त्याच्यावर काय संकट आहे, हे त्यांना तिथेच उभे राहून कोणीतरी सांगायला हवे. मंडळाने यंदा हे काम हाती घेतले आहे.

पृथ्वीवरचा हा सर्वांत मोठा प्राणी क्रिल नावाच्या बोटाएवढ्या कोळंबीसारख्या जिवांवर जगतो आणि दिवसाला काही टन क्रिल गिळतो. त्याचे पिल्लू जन्मतःच सुमारे २३ फूट लांब असते आणि आईच्या दुधावर रोज ९० किलोच्या आसपास वजन वाढवते. मादीला दोन-तीन वर्षांतून एकदाच पिल्लू होते, म्हणून एकदा घटलेली संख्या भरून यायला पिढ्या लागतात. आणि ती किती घटली! विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात साडेतीन लाखांच्या आसपास निळे देवमासे मारले गेले. आपल्या अरबी समुद्रासह उत्तर हिंदी महासागरात १९६०च्या दशकात सोव्हिएत जहाजांनी नियम मोडून, नोंदी लपवून सुमारे १,३०० मारले. १९६६ साली जगभर बंदी आली. आता जहाजांची धडक, जाळी, समुद्रातला गोंगाट आणि तापते पाणी यांचा धोका आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर मालवाहू जहाजांची वाट नेमकी त्यांच्या चरण्याच्या जागेवरून जाते.

बडोद्यात बसून आपण काय करणार, असे काहींना वाटेल. पण गुजरातच्या किनाऱ्यावर व्हेल शार्क या महाकाय माशाची सर्रास शिकार होत असे, तिथेच २००४पासून त्याला वाचवण्याची मोहीम सुरू झाली. रामकथाकार मोरारी बापूंनी त्या माशाला माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली. आज तेच मच्छीमार स्वतःचे जाळे कापून त्याला सोडतात आणि जाळ्याची भरपाई सरकार देते. नीट समजावून सांगितले की माणसे ऐकतात, याहून मोठा पुरावा आम्हाला नको.

म्हणून मराठी व गुजराती सचित्र पुस्तिका, दर रविवारी सांगाड्यापाशी मुलांसाठी माहितीचा तास, आणि खंभातच्या आखाताकाठच्या मच्छीमार गावांत वनखात्याच्या मदतीने शिबिरे असा बेत आहे. देवमासा किनाऱ्याला लागला तर शेपटीला दोर बांधून ओढायचे नाही, श्वासाचे छिद्र झाकू द्यायचे नाही, अंग ओले ठेवायचे, गर्दी हटवायची आणि ताबडतोब वनखात्याला कळवायचे, एवढे तरी प्रत्येक गावाला ठाऊक हवे.

छपाई आणि प्रवासाला पैसे लागतील. ५१ रुपयेही आनंदाने स्वीकारू, पावती देऊ आणि हिशेब वार्षिक सभेत मांडू. गुजराती भाषांतर करणारे, चित्रे काढणारे आणि रविवारी दोन तास देऊ शकणारे निवृत्त शिक्षक आम्हाला पैशांइतकेच हवे आहेत. ज्यांच्या घरचे कोणी जहाजावर नोकरीला आहे त्यांनी तर जरूर भेटावे. मुलांना समुद्राची खरी गोष्ट त्यांच्याकडूनच ऐकायची आहे. देणगी व नावनोंदणी मंडळाच्या कार्यालयात, संध्याकाळी ६ ते ८.

आपले,
कार्यकारी मंडळ, बडोदे