रॅकशेजारच्या वहीबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

निवृत्त होताना तुम्ही सर्व्हरच्या रॅकशेजारी ठेवून गेलेली दोनशे पानी वही अजून तिथेच आहे आणि रात्रपाळीला तिचाच आधार आहे. लिनक्सच्या कमांड काय, कुठेही सापडतात. तुम्ही प्रत्येकीपुढे ‘का’ लिहून ठेवलंत, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून मनापासून आभार.

सगळ्यात मळलेलं पान ‘डिस्क भरली’चं. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) 100 टक्के दाखवतो आणि डीयूची (फायलींच्या आकारांची) बेरीज निम्मीच भरते, तेव्हा नवखा माणूस आणखी फायली उडवत सुटतो. तुमची नोंद अशी: पुसलेली फाइल एखाद्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) उघडी धरली असेल, तर जागा सुटत नाही. ‘एलएसओएफ +एल1’ने ती प्रोसेस शोधा आणि रीस्टार्ट करा. चालू लॉग (नोंदींची फाइल) आरएमने उडवू नका, ‘ट्रंकेट -एस 0’ने रिकामा करा. जागा शिल्लक दिसत असूनही लिहिता येत नसेल तर ‘डीएफ -आय’ पाहा. बारीकसारीक सेशन फायलींनी आयनोड (दर फाइलमागे एक लागणाऱ्या नोंदी) संपवलेले असतात. ईएक्सटी4 ही फाइलसिस्टिम मुळात 5 टक्के जागा रूटसाठी (मुख्य अ‍ॅडमिन खात्यासाठी) राखते, म्हणजे 4 टीबीच्या डिस्कवर 200 जीबी. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ‘ट्यून2एफएस -एम 1’ने ती खुशाल कमी करा, पण सिस्टिमच्या पार्टिशनवर नाही. तिथे तीच जागा रूटला भरल्या डिस्कवरही साफसफाई करू देते. ही ओळ तुम्ही लाल पेनाने लिहिलीत ते बरं केलंत.

क्रॉनचं, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रॅमचं, पान छोटं, पण जहाल. कामांचा तक्ता बदलायला ‘क्रॉनटॅब -ई’ टाइप करताना बोट शेजारच्या ‘आर’वर पडलं की अख्खा तक्ता साफ, म्हणून आधी ‘क्रॉनटॅब -एल’ने तो फाइलमध्ये उतरवायचा. टक्क्याच्या चिन्हाआधी उलटा स्लॅश हवाच; नाहीतर क्रॉन ते नवी ओळ समजतो आणि तारखेच्या नावाचा बॅकअप मध्येच तुटतो.

एफएसटॅबला (मशीन सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीला) हात लावल्यावर रीबूटआधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ आणि ‘माउंट -ए’. एक ओळ चुकली तरी मशीन इमर्जन्सी मोडमध्ये अडकतं, एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही आणि कुणाला तरी कन्सोलपर्यंत धावावं लागतं. म्हणून ‘मेगाब्लॉक पाहूनच रविवारचं रीबूट ठरवा’ हा तुमचा शेरा. हे कुठल्या मॅन्युअलमध्ये असणार?

बॅकअपच्या पानावर वरती नुसतं ‘26 जुलै 2005, सांताक्रूझ, 944 मिमी’ आणि खाली दोन ओळी: यूपीएसच्या बॅटऱ्या तळमजल्यावर नकोत, दुसरी प्रत याच इमारतीत नको.

आम्ही एकच भर घातली आहे. ‘जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=500एम’ फक्त बंद झालेल्या जर्नल फायली (सिस्टिमच्या नोंदी) काढतो, चालू फाइलला हात लावत नाही; म्हणून सोबत चालू फाइल बंद करणारं ‘--रोटेट’ द्यायचं. कारण पुढे लिहिलंय. फोर्टात आलात तर तेवढं पान तपासून द्या.

आपली,
सर्व्हर रूममधली मंडळी