नाशिकच्या प्रशिक्षणात भेटलेल्या मावशी, सिस्टर आणि ताईंना

मी सुरगाणा तालुक्यातल्या एका पाड्यावरची आशा स्वयंसेविका, घरोघरी जाऊन बाळ-बाळंतिणीची तब्येत बघणारी. नाशिकला प्रशिक्षणाला आले तेव्हा माझं बाळ आठ महिन्यांचं होतं. वर्ग चालू असताना ज्या मावशींनी व्हरांड्यात झोळी बांधून त्याला सांभाळलं, त्यांचं नाव विचारायचंही राहून गेलं. मावशी, पहिले आभार तुमचे.

आणि त्या सिस्टरांचे. बाळाचा श्वास मोजताना मी अर्ध्या मिनिटाचे आकडे दुप्पट केले होते. त्या रागावल्या नाहीत. शेजारी बसून म्हणाल्या, "लहान बाळाचा श्वास मध्येच थबकतो गं, म्हणून पुरं मिनिट मोजायचं. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त भरले तर परत मोज, आणि तेवढेच आले तर थेट दवाखाना." पेठच्या एका ताईंनी हेच मला आमच्या कोकणा बोलीत सांगितलं, तेव्हा कुठे मनात पक्कं बसलं. आमच्याकडे आईला समजवायचं तर ते याच बोलीत, हे खरं.

दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आम्ही ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी जातो. मागच्या पावसाळ्यात सातव्या दिवशी एका बाळाचे श्वास ६८ भरले. परत मोजले, ६६. रात्र झाली होती, ओहोळाला पाणी होतं. ज्या जीपवाल्या दादांनी आम्हाला दवाखान्यापर्यंत नेलं, त्यांनी डिझेलचे पैसेही घेतले नाहीत.

दादा, ते बाळ आता रांगतंय.